संख्या सोलून पाहू या!

बालमित्रांनो, अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं एक गाव आहे. गाव लहान, पण मराठीच्या इतिहासात त्याचा मान मोठा. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू या गावी राहत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला अगदी सुरुवातीचा गद्य ग्रंथ सिद्ध केला, तो इथेच. म्हणूनच २०२४ साली मराठी भाषेचं स्वतंत्र विद्यापीठ सुरू झालं, तेही रिद्धपूरला!

आज मात्र आपण या गावाच्या नावाशी जरा खेळणार आहोत आणि खेळता खेळता संगणकाचा एक प्रोग्रॅमही लिहिणार आहोत. घरी संगणक नसला तरी बिघडत नाही. वही आणि पेन्सिल घेऊन बसा म्हणजे झालं.

रि, द्ध, पू, र. किती अक्षरं? चार. (जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं, बरं का!) ही चार अक्षरं उलटसुलट केली, तर किती वेगवेगळे ‘शब्द’ तयार होतील? पूररिद्ध, द्धरिरपू... अर्थ नसला तरी चालेल, मांडणी वेगळी हवी.

एकेक लिहीत बसण्यापेक्षा थोडा विचार करू. पहिल्या जागी चारांपैकी कोणतंही अक्षर बसेल, म्हणजे ४ पर्याय. ते बसलं की उरली तीन, म्हणून दुसऱ्या जागी ३ पर्याय. तिसऱ्या जागी २. शेवटच्या जागी जे उरलं ते बिचारं एकच. ४ × ३ × २ × १ = २४. झालं! रिद्धपूरची २४ रूपं.

आता हाच हिशोब वऱ्हाडातल्या आणखी काही गावांना लावू. या सगळ्या नावांत एकही अक्षर दोनदा आलेलं नाही, हे आधी तपासून घ्या.

मोर्शी – २ अक्षरं – २ मांडण्या
अकोला – ३ अक्षरं – ६ मांडण्या
रिद्धपूर – ४ अक्षरं – २४ मांडण्या
अमरावती – ५ अक्षरं – १२० मांडण्या
नांदगाव पेठ – ६ अक्षरं – ७२० मांडण्या
अंजनगाव सुर्जी – ७ अक्षरं – ५०४० मांडण्या

पाहिलीत गंमत? अक्षर एकच वाढतं, पण मांडण्या कशा उड्या मारतात! सेकंदाला एक या वेगाने अंजनगाव सुर्जीच्या सगळ्या मांडण्या लिहायच्या म्हटल्या, तर ८४ मिनिटं हात थांबवता येणार नाही.

१ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा असा गुणाकार केला की त्याला त्या संख्येचं क्रमगुणित म्हणतात. इंग्रजी शाळेतली मुलं त्याला फॅक्टोरियल म्हणतात. ते लिहायची खूणही झकास आहे. संख्येपुढे चक्क उद्गारचिन्ह! ४! म्हणजे २४ आणि ५! म्हणजे १२०. ही खूण ख्रिश्चन क्राम्प या फ्रेंच गणितज्ञाने १८०८ साली वापरली. संख्या इतक्या झपाट्याने वाढते की उद्गारचिन्ह तिला शोभतंच.

पण हा हिशोब आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ११५० सालच्या ग्रंथात एक सुंदर उदाहरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत. त्यांची अदलाबदल करत गेलं, तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांतली शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं बदलत गेलं तर? उत्तरं आहेत ३६,२८,८०० आणि २४. म्हणजेच १०! आणि ४! पूजेच्या वेळी आजोबा ‘केशव, नारायण, माधव, गोविंद...’ अशी चोवीस नावं घेतात ना? त्या चोवीस रूपांत याच चार आयुधांचा क्रम बदलत जातो. रिद्धपूरच्या २४ मांडण्या आणि विष्णूची २४ रूपं, हिशोब एकच! भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी १२०७ साली चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापन केला. तसा शिलालेखच तिथे आहे.

आता पुन्हा रिद्धपूरकडे वळू, कारण तिथल्या परंपरेत अक्षरांची अदलाबदल हा नुसता खेळ नव्हता. महानुभाव पंथीयांना आपले ग्रंथ जिवापाड प्रिय. ते भलत्याच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी पोथ्या गुप्त लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्या लिप्यांची नावं. तत्त्व साधं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा वेगळीच खूण लिहायची. कोणत्या अक्षरासाठी काय लिहायचं याची किल्ली ज्याला ठाऊक, त्याला पोथी सहज वाचता येई. बाकीच्यांना नुसती अक्षरं दिसत, अर्थ लागत नसे. पंथाबाहेरच्या लोकांना ही पुस्तकं कित्येक शतकं कळली नाहीत. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या प्रयत्नांनी या लिप्यांची उकल झाली आणि मराठीतला मोठा खजिना सगळ्यांसाठी उघडला.

समजा, एखाद्याने ठरवलं, किल्ली माहीत नाही तर नाही, मी सगळ्या शक्य किल्ल्या लावून पाहतो! मराठीतली ३४ व्यंजनं एकमेकांच्या जागी बसवायचे प्रकार किती? ३४! ही संख्या ३९ अंकी आहे. सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावणारा संगणक आणला, तरी सगळ्या लावून पाहायला लागणाऱ्या वर्षांची संख्याच २२ अंकी येते. आपल्या विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, म्हणजे फक्त ११ अंकी! तेव्हा सगळं करून पाहणं हा उपाय नव्हे. उकल करायची, तर गाठ ज्या पद्धतीने मारली तीच पद्धत समजून घेऊन सोडवत जायला हवं.

हेच सूत्र धरून आता आपल्या प्रोग्रॅमकडे येऊ.

तुमची एक पत्रमैत्रीण आहे असं समजा. ती गावाचं नाव सांगत नाही. एवढंच लिहिते, “माझ्या गावाच्या नावातली अक्षरं १२० प्रकारे मांडता येतात. सांग बरं, नावात एखादं अक्षर दोनदा आलंय का?” दुसरा मित्र लिहितो, “माझ्या गावाची ६० प्रकारे.” तिसरा म्हणतो, “माझ्याकडे ५०४०!” म्हणजे आता प्रश्न उलटा झाला. अक्षरांवरून संख्या काढायची नाही. संख्या हातात आहे आणि ती कुणाचं क्रमगुणित आहे का, हे ओळखायचं आहे.

पहिली पद्धत बहुतेकांना लगेच सुचेल. १ घ्या, २ ने गुणा, ३ ने गुणा, ४ ने गुणा... गुणाकार दिलेल्या संख्येएवढा झाला की ‘होय’, तिच्यापुढे निघून गेला की ‘नाही’. पद्धत बरोबर आहे. पण तिच्यात एक खड्डा आहे, तो पुढे पाहू.

दुसरी पद्धत उलट्या दिशेची. क्रमगुणित तयार होतं गुणाकाराने. मग ते सोडवायचं भागाकाराने. कांदा सोलतात तसं! संख्येला २ ने भागा. जे आलं त्याला ३ ने भागा. मग ४ ने, ५ ने... प्रत्येक वेळी भाग पूर्ण जात शेवटी १ उरला, तर संख्या क्रमगुणित. मध्येच कुठे बाकी उरली, तर नाही.

५०४० सोलू या.

५०४० ÷ २ = २५२०
२५२० ÷ ३ = ८४०
८४० ÷ ४ = २१०
२१० ÷ ५ = ४२
४२ ÷ ६ = ७
७ ÷ ७ = १

एक आला! शेवटचा भाजक ७ होता, म्हणून ५०४० = ७! शाबास.

आता ६० घ्या. ६० ÷ २ = ३०, ३० ÷ ३ = १०, १० ÷ ४... बाकी २. थांबा! ६० हे क्रमगुणित नाही. म्हणजे त्या मित्राच्या गावाच्या नावात नक्की एखादं अक्षर पुन्हा आलं आहे. येवला तालुक्यातलं काळविटांसाठी प्रसिद्ध असलेलं ममदापूर असेल का? म, म, दा, पू, र. अक्षरं पाच, पण दोन ‘म’ एकमेकांच्या जागी बसले तरी मांडणी तीच दिसते, म्हणून १२० च्या निम्म्या म्हणजे ६०. जुळलं की!

संगणकाला हे कसं सांगायचं? संगणक हुशार नसतो, तो आज्ञाधारक असतो. त्याला एकेक पायरी नीट सांगावी लागते. आपण प्रोग्रॅम आधी शुद्ध मराठीत लिहू.

१. संख्या विचारून घ्या.
२. संख्या पूर्ण नसेल किंवा १ पेक्षा लहान असेल, तर ‘नाही’ लिहा आणि थांबा.
३. भाजक २ धरा.
४. संख्या १ असेल, तर ‘होय’ लिहा, भाजकातून १ वजा करून येणारं उत्तर लिहा आणि थांबा.
५. संख्येला भाजकाने भागा. बाकी उरली, तर ‘नाही’ लिहा आणि थांबा.
६. बाकी उरली नाही, तर संख्येच्या जागी आलेला भागाकार ठेवा.
७. भाजकात १ मिळवा आणि पायरी ४ वर जा.

बस्स, सात पायऱ्या! नव्वदच्या दशकात शाळेत ‘बेसिक’ शिकलेल्या आई-बाबांना ‘पायरी ४ वर जा’ हे वाचून ‘गोटू’ची आठवण नक्की येईल. आज तुम्ही पायथन शिकत असाल, तर तिथे अशी उडी मारत नाहीत. ‘व्हाइल’ हा शब्द वापरून फेरा लिहितात. पायथनमध्ये बाकी काढायला टक्क्याचं चिन्ह वापरतात आणि पूर्ण भागाकारासाठी दोन तिरक्या रेघा देतात. एकच रेघ दिली, तर उत्तर दशांश चिन्हासह येतं आणि फार मोठ्या संख्येचे शेवटचे अंक चुकू शकतात. म्हणून दोन रेघा विसरू नका.

तुम्ही म्हणाल, मोठी संख्या दिली तर फेरे किती होतील? फार नाहीत! एक कोटीच्या आतली कोणतीही संख्या द्या, फार तर दहा भागाकारांत निकाल. कारण २ ते ११ पर्यंतच्या सगळ्या भाजकांनी असा ओळीने भाग जायचा, तर संख्या निदान ११! म्हणजे ३,९९,१६,८०० एवढी हवी, आणि ती तर जवळजवळ चार कोटी आहे. क्रमगुणितं झपाट्याने वाढतात, त्याचा असा फायदा.

काही चतुर मुलं एक आडवाट काढतात. ५! पासून पुढची सगळी क्रमगुणितं शून्यावर संपतात. ६! पासून पुढच्या सगळ्यांच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जातो. मग एवढंच पाहिलं तर? ७२०० घेऊन बघा. शेवटी शून्य आहे. अंकांची बेरीज ९ आहे. दोन्ही खुणा जुळल्या! आता सोला. ३६००, १२००, ३००, ६०, १०... आणि ७ ने भागताना बाकी ३. फसलो! या खुणा चाळणीसारख्या आहेत. चाळणीतून जी पडली नाही ती संख्या नक्की क्रमगुणित नव्हे. पण जी पडली ती क्रमगुणित असेलच असं नाही.

आता खड्ड्यांकडे वळू. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नेहमीच्या संख्यांपेक्षा अडचणीच्या संख्या आधी तपासाव्यात.

पहिली अडचण, शून्य. पायरी २ गाळून पाहा. ० ला २ ने भागलं, ०, बाकी नाही. ३ ने भागलं, ०, बाकी नाही. ४ ने, ५ ने, शंभराने, हजाराने... बाकी कधी उरत नाही आणि १ कधी येत नाही! संगणक घाण्याच्या बैलासारखा फिरतच राहील. तो काही ‘दमलो बुवा’ असं म्हणणार नाही. म्हणून पायरी २ हवीच.

दुसरी अडचण, एक. प्रोग्रॅम पायरी ४ वरच ‘होय, १!’ असं सांगतो. ते बरोबर आहे. पण ०! सुद्धा १ च असतं. हे कसं? उतरत्या क्रमाने पाहा. २४ ला ४ ने भागलं की ६ म्हणजे ३!, ६ ला ३ ने भागलं की २ म्हणजे २!, २ ला २ ने भागलं की १ म्हणजे १!. त्याच चालीने १ ला १ ने भागलं की ०! मिळतं, म्हणजे १. तेव्हा १ ही संख्या दोघांची आहे, ०! ची आणि १! ची.

तिसरी अडचण गुणाकाराच्या पद्धतीतली. संगणक संख्या ठेवतो ती ठरावीक मापाच्या खणात. जावा या भाषेत पूर्णांकांसाठी जो नेहमीचा खण वापरतात, त्यात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्याच संख्या मावतात. १२! म्हणजे ४७,९०,०१,६००. ते मावतं. १३! म्हणजे ६,२२,७०,२०,८००. ते मावत नाही! मग काय होतं? जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर पुन्हा ००००० वर येई, तसं काहीसं होतं. खण भरून वाहतो आणि आत भलतीच संख्या उरते, १,९३,२०,५३,५०४. घंटा वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. आता जर कुणी हीच संख्या तपासायला दिली, तर गुणाकाराचा प्रोग्रॅम छातीठोकपणे म्हणेल, “होय, हे १३! आहे.” साफ खोटं!

आपल्या सोलायच्या पद्धतीला हीच संख्या देऊ. २ ने भागलं, ९६,६०,२६,७५२. आता ३ ने भागायचं. अंकांची बेरीज करा, ४३. तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे बाकी उरणार. ‘नाही’! दुसऱ्याच भागाकाराला खोटं उघडं पडलं. असं का झालं? गुणाकारात संख्या फुगत जाते आणि खणाबाहेर सांडते. भागाकारात ती लहानच होत जाते. सुरुवातीची संख्या खणात मावली, की पुढची प्रत्येक संख्या मावणारच. दोन्ही पद्धती कागदावर सारख्याच बरोबर होत्या, पण यंत्रात घातल्यावर एक घसरली आणि एक टिकली.

पालकांसाठी एक शब्द. मुलं प्रोग्रॅम लिहितील तेव्हा ‘चालला का?’ एवढंच विचारू नका. ‘शून्य देऊन पाहिलंस का? एक देऊन पाहिलंस? खूप मोठी संख्या दिली तर?’ असं विचारा. संगणकाने ठामपणे दिलेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही, ही सवय शाळेच्या वयात लागली तर जन्मभर उपयोगी पडेल. हातात मोबाइल आणि विचारताक्षणी उत्तर, अशा दिवसांत तर फारच!

चला, आता पेन्सिल उचला. या आठवड्याची तीन कोडी.

कोडे पहिले : एका दिवसात किती सेकंद असतात ते काढा आणि ती संख्या सोलून पाहा. क्रमगुणित आहे का? मग सहा आठवड्यांचे सेकंद काढा, म्हणजे आपल्या साप्ताहिकाचे सहा अंक येईपर्यंतचा वेळ. तीही संख्या सोला. उत्तर पाहिल्यावर वरचं भास्कराचार्यांचं उदाहरण पुन्हा वाचा!

कोडे दुसरे : ‘टकटक’ या शब्दात अक्षरं चार, पण ट दोनदा आणि क दोनदा. त्याच्या सगळ्या वेगवेगळ्या मांडण्या लिहा. (त्यातली एक तुम्ही आईच्या तोंडून रोज ऐकता!) त्यांची संख्या आपल्या प्रोग्रॅमला द्या. तो काय म्हणतो? मग सांगा, प्रोग्रॅमने ‘नाही’ म्हटलं तर अक्षर पुन्हा आलंय हे नक्की. पण ‘होय’ म्हटलं तर सगळी अक्षरं वेगळी आहेत, असं खात्रीने म्हणता येईल का? पत्रमैत्रिणीच्या १२० बद्दलही पुन्हा विचार करा.

कोडे तिसरे : तुमच्या गावाच्या नावात अक्षरं किती? एखादं पुन्हा येतं का? मांडण्या किती होतात ते काढा आणि मित्राला फक्त संख्या सांगा. बघू, त्याला काय काय ओळखता येतं!

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर संख्या सोलत राहा. कांद्यासारखं डोळ्यांत पाणी येणार नाही, हे नक्की!